मंजूर भार

प्लग आधी तपकिरी झाला, मग मऊ.
जळक्या कंगव्यासारखा वास घरभर.
मला वाटलं, डाळ लागली.
झाकण काढलं तर डाळ अजून कच्ची,
दाण्याला दाणा वेगळा.

खाजामियाँ आले, मे महिन्याच्या भर दुपारी,
तिसऱ्या मजल्यावर, टेस्टर कानामागं खोचून.
पाणी घेतलं नाही. आधी बोर्ड उघडला,
आतली तार दोन बोटांत धरली
नाडी बघावी तशी.
"ताई, ही एक एमएमची. बल्बाची तार आहे ही.
अन् तुम्ही हिच्यावर दोन हजाराची शेगडी चालवायलाव."
म्हणलं, सिलिंडर संपलंय,
नंबर लावून नऊ दिवस झाले.
ते म्हणाले, तारेला ते कुठं माहीत.

किराणाच्या यादीमागं गणित मांडलं त्यांनी:
दोन हजार भागिले दोनशे तीस,
पावणेनऊ.
पॉइंट सहाचा.
वर मिक्सर लावला की आणिक सव्वातीन.
कागद पलटला तर
शेंगदाणे अर्धा किलो, येसर, धुण्याचा साबण.

"मोठा पॉइंट आहे की घरात,"
म्हणत ते हॉलमध्ये गेले.
खिडकीच्या वर, पार छताजवळ,
सोळा अँपिअर, चार एमएम, खटकाही स्वतंत्र.
बिल्डरनं एसीसाठी दिलेला.
एसी काही आला नाही.
सात वर्षं प्रल्हाद तिथं
दिवाळीत आकाशकंदील लावतात.
एका दिव्याचा.

खटक्यांच्या डबीवर नावं आहेत:
हॉल, बेडरूम, एसी, गीझर.
स्वयंपाकघर सापडेना.
ते निघालं बेडरूमच्या लायनीत,
ट्यूबलाइटच्या मागून पुढं ओढलेलं,
उरल्यासुरल्या तारेत.

त्या रात्री लाइटचं बिल पहिल्यांदा वरून वाचलं.
एरवी मी खालची रक्कम बघते आणि कप्प्यात टाकते.
ग्राहकाचं नाव सासऱ्यांचं, त्यांना जाऊन पाच वर्षं झाली.
त्याखाली बारीक अक्षरात,
मंजूर भार: एक किलोवॅट.
कुणी मागितला होता,
आणि मागताना
घरात काय काय शिजतं ते कुणाला विचारलं होतं?

नवी तार येईस्तोवर चार दिवस
मी हॉलमध्ये रांधलं.
एसीच्या पॉइंटातून जाड वायर खाली सोडलेली,
स्टुलावर शेगडी, सोफ्यावर कोथिंबीर.
प्रल्हाद ऑफिसातून आले, पाय वर घेऊन बसले.
टीव्ही चालू, बातम्यांवर फोडणीचा धूर.
मीठ आणायला गेले. पळी आणायला गेले.
चिंच भिजवलेली ओट्यावरच राहिली, परत गेले.
आमटी उतरवली तेव्हा ते म्हणाले,
"अकरा वेळा उठलीस."
मी मोजलं नव्हतं.
त्यांनी का मोजलं, तेही विचारलं नाही.

भाकरी मात्र चारही दिवस फुगली नाही.
तिला जाळ लागतो तोंडावर.
शेगडीला तोंडच नाही.

पाचव्या दिवशी खाजामियाँ भिंतीच्या पायपात
स्प्रिंग घालून बसले. मध्येच सिमेंटचा गोळा.
मी इकडून साबणाचं पाणी लावून तार ढकलते,
ते तिकडून ओढतात, "या अल्ला" म्हणत,
आणि प्रल्हाद मध्ये उभे, भिंतीला हात लावून,
तार कुठवर आली ते सांगतात.
चुकीचं सांगतात.

संध्याकाळी नवा खटका वर गेला.
त्याच्याखाली पेन्सिलीनं 'किचन',
खोडता येईल असं.
"आता लावा दोन्ही," खाजामियाँ म्हणाले,
"मिक्सर लावा, शेगडी लावा. काही होत नाही."

तीन आठवडे झाले.
चटणी वाटून होते, मिक्सर थांबतो,
त्याची घरघर पूर्ण विरते,
मगच माझा हात शेगडीच्या बटणाकडं जातो.
कान भिंतीकडं.
प्रल्हाद हॉलमधून ओरडतात,
"अगं, लाव की!"